कापसाच्या ओलीचं मीटर

मीटरचा आकडा चुकला त्या दिवशी मी कोनाचं नाव घेतलं असंल? देवकाचं. दुसरं कोन होतं? लॅबच्या कपाटाची किल्ली तिच्यापाशी राहे, आन् मीटरले हात लावनाऱ्या आमी दोघीच.

मी जयवंता, जैनथची. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाले होती, रोज बसनं आदिलाबादले जाये. देवका वांकिडीची, कॉलेजापाशी खोली करून राहे. आमचा प्रोजेक्ट म्हंजे कापसातली ओल मोजाचं मीटर. डब्यात दोन पत्रे, मधात कापूस दाबाचा आन् बारीक करंट सोडाचा. कापूस जितका ओला तितका करंट जास्त, टक्के पडद्यावर दिसत. बाजारात खरेदीवाला मुठीत कापूस धरते, "बारा टक्क्याच्या वर हाय" म्हन्ते आन् गाडी वापस लावते. त्याच्या तोंडावर आकडा मारता आला पायजे, एवढीच आमची जिद्द. जिल्ह्यातून एकच प्रोजेक्ट हैदराबादले जानार होता.

पयला बोर्ड जळला. दुसऱ्याचे सोल्डरचे टाके सुटले. पत्र्याईले गंज चढला, ते बदलले. मंग एक दिवस देवकानं वांकिडीहून आनलेल्या कापसावर नऊ आला. तोच कापूस ओव्हनमधी वाळवून पुन्हा तोलला, तं घटलेलं वजन बी नऊ टक्केच! आमी दोघी लॅबमधी नाचलो. सर दारात उभे राहून हासले.

दसऱ्याले जिल्ह्याचे चार तुकडे झाले. देवकाची वांकिडी आसिफाबाद जिल्ह्यात गेली, आमचं जैनथ आदिलाबादमधीच राह्यलं. त्यानंतर मी घरचा कापूस नेऊ लागली. मायनं बांधून देल्लेलं गाठोडं सोडलं, मीटरवर दाबला, तं पंधरा! हाताले तं कोरडा लागे. दुसऱ्या दिवशी सोळा.

"कापूसच ओला असंल," देवका म्हनली. "ओव्हनमधी टाकून पाहू."

माही तळपायाची आग मस्तकात गेली. "आमचा कापूस आठ दिसापासून माळ्यावर वाळून राह्यला! माह्या बापाची झडती घेतं का तू?"

तवापासून मी तिच्यावर नजर ठेवली. तिच्या पिशवीत एक कागद दिसला, आसिफाबादचा शिक्का मारलेला. इचारलं तं म्हन्ते, "नवा रहिवासी दाखला हाय. जिल्हा बदलला ना, साऱ्याईलेच काढा लागून राह्यला." मी मनात म्हनलं, व्हय वं, लय साधी तू! इथं आमचं मीटर बिघडवाचं आन् तिकडं आसिफाबादच्या नावानं तेच उभं कराचं. मी गुपचूप कपाटाच्या कडीले पांढरा धागा बांधला. सकाळी धागा जसाच्या तसा, पन मीटरवर पुन्हा पंधरा. कोनाले बी कळलं असतं की कपाट उघडलंच नाई. मले मातर वाटलं, पोट्टी हुशार हाय, धागा पुन्हा बांधून ठेवते.

मंग काय, उचलली जीभ लावली टाळ्याले. सरच्या समोर सांगतलं, "सर, हिनं मीटर बिघडवलं. हिले दुसऱ्या जिल्ह्यातून जायाचं हाय." सरनं देवकाकडं पायलं. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आन् गेली. मी बोर्डावरचा आकडा जुळवाचा बारका स्क्रू फिरवला, गाठोड्यातल्या कापसावर नऊ येईपर्यंत. मले तवा लय मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटलं.

सोमवारी निवड होती. रविवारी मीटर घरी नेलं. बाबानं सरळ माळ्यावरचा कापूस काढून दाबला. तीन!

"तीन टक्के?" बाबा हासले. "एवढी कोरडी तं चुलीतली राख बी नसते."

मी उद्यासाठी बांधलेलं गाठोडं सोडून दाबलं. नऊ. पुन्हा माळ्यावरचा, तं तीन. एकाच ढिगाचा कापूस!

"त्या गाठोड्याले पानी मारलं ना मी," माय चुलीपासून म्हनली.

"काऊन वं माय?"

"काऊन म्हंजे? बाहीर जानारा कापूस कोनी तसाच पाठवते का? थोडं मधात शिंपडा लागते, वरून हात लावला तं समजत नाई. तुहा सर तोलीन, तं भरला पायजे. लेकीची मान खाली गेली नाई पायजे. रोज मारतो मी."

बाप्पा! मीटर पयल्या दिवसापासून खरं बोलून राह्यलं होतं. मीच त्याले स्क्रू फिरवून खोटं बोलाले शिकवलं. मले माहीच किळस आली.

मीटर आन् माळ्यावरचा थोडा कापूस घेतला, तशीच ऑटोत बसून देवकाच्या खोलीवर गेली. सारं सांगतलं, काही लपवलं नाई. तिनं वही काढली, जुने आकडे पायले, स्क्रू फिरवला. माळ्यावरचा कापूस दाबला. नऊ.

"चुकलं माह्यं," मी रडत म्हनलं. "उद्या साऱ्याईसमोर सांगतो."

"सांगजो," देवका म्हनली. "पन एक इचारू? तुह्या मायनं स्वतः सांगतलं नसतं तं?"

खोटं बोलाची हिंमत नव्हती. "तं तू चोरच राह्यली असती," मी म्हनलं.

तिनं मान हालवली आन् मीटर माह्या हातात देल्लं.

सोमवारी मी लॅबमधी साऱ्याईसमोर सांगतलं, मायचं पानी बी सांगतलं. पोट्टे हासले, हासू देल्ले. मीटर बरोबर चाललं, निवड झाली. सरनं फॉर्म पुढं ओढला आन् म्हनले, "दोघींची नावं लिहितो. कॉलेज एक आहे, जिल्ह्याची अडचण नाही."

"माह्यं नका लिवू सर," देवका म्हनली. रागानं नाई, साधंच म्हनली. "मले पुन्हा हिच्यासंगं एका कपाटाची किल्ली ठेवता यायाची नाई."

मी तिचा हात धरला. तिनं हळूच सोडवला, वही पिशवीत टाकली आन् बस स्टँडाकडं निंगाली. सरनं फॉर्मवर माह्यं एकटीचं नाव लिवलं.