माकडशिंगीची जागा

पडेगावच्या मागच्या टेकडीवर माकडशिंगीची सात झुडपं होती, आणि बन्सीनं ती चाळीस वर्षं राखली होती. पानं नाहीत, नुसत्या जाड, रसाळ कांड्या. पाऊस दडी मारायचा, बाभळी वाळायच्या, ही मात्र मुरमात टुकटुकीत! शेळ्या चारणाऱ्यांची एक रीत होती. कुणाला जागा दाखवायची तर एकच कांडी दोघांनी मोडून खायची, आणि मग तिसऱ्याला सांगायचं नाय. बन्सीनं सख्ख्या भावाला दाद लागू दिली नव्हती. जागा दाखवली ती एकट्या लेकीला, प्रेरणाला. जीव की प्राण होती ती त्याचा. शहरात कॉलेजात झाडांचंच शिकत होती पोरगी.

चैत्रात शेळ्या घेऊन वर गेला, तर सात खड्डे. मुळासकट सगळं साफ!

"कुणाला सांगितलंस?" घरी येताच त्यानं दोन दिवसांसाठी शहरातून आलेल्या लेकीला विचारलं.

प्रेरणाचा चेहरा पडला. "आमच्या सरांना नेलं होतं, बाबा. पण आधी त्यांच्यासंगं कांडी मोडून खाल्ली मी. म्हटलं, आता तेबी बांधले गेले."

घ्या! शिकून सवरून पोरीनं अक्कल पाजळली ती ही. ज्याला रीतच ठाऊक नाय, त्याला कसली आलीय शप्पथ? त्यानं काकडीसारखी कचाकचा खाल्ली असणार. कुंपणानंच शेत खाल्लं, आता दाद कुणाकडं मागायची?

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासंगं कॉलेजात गेला. सात कुंड्या ओळीनं मांडलेल्या, वर सरांच्या नावाची पाटी. कांड्या पिवळ्या पडून बुडाशी सडल्या होत्या.

"पाणी कोण घालतंय?"

"मी. रोज दोन टाइम," माळी कौतुकानं म्हणाला.

बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळानं जे मारलं नाही, ते या लोकांनी लाड करून मारलं.

प्रेरणा आत सरांना भेटून आली. बापाच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "बाबा, सर विचारतायत, आणखी कुठं हायेत का? या खेपेला नीट जपतील म्हणं."

सात खड्ड्यांपेक्षा हे जास्त लागलं त्याला. एवढं होऊनही लई विश्वास होता तिचा सरांवर!

दरीपलीकडच्या कपारीत दोन झुडपं अजून उभी होती.

"नाय," बन्सी म्हणाला. "संपली."

पोटच्या पोरीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि तिला ते खरं वाटलं.