लांडग्याचं वजन

डोळे मिटा आणि एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीला टेकून लहानमोठे तराजू उभे आहेत, मधोमध गुडघ्याएवढा नुकताच दुरुस्त केलेला वजनकाटा आहे. हे काटेदुरुस्ती करणाऱ्या आजोबांचं दुकान. तुम्ही आहात त्यांची नात. सगळ्यांत हलकी म्हणून घरात तुम्हाला रत्ती म्हणतात. आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

त्या दुपारी काटा बरोबर चालतो का ते बघायला आजोबांनी आई, आत्या, काका आणि रत्तीला त्यावर उभं केलं आणि आकडे खडूनं भिंतीवर लिहिले. रत्ती बावीस किलो. काका चौऱ्याहत्तर. मग आजोबांसकट सगळे लांडगा-मेंढी खेळायला बसले. डब्यात पाच चिठ्ठ्या, चार मेंढ्या, एक लांडगा. सगळ्यांनी डोळे मिटायचे, लांडग्यानं गुपचूप उठून एकाला शिवायचं. शिवलेला संपला! मग उरलेल्यांनी लांडगा ओळखायचा. ज्याच्याकडे जास्त बोटं, तो बाद. शेवटपर्यंत टिकेल तो उद्या आजोबांबरोबर ट्रकांच्या मोठ्या काट्यावर जाणार. गाडीत जागा एकच. रत्ती त्या काट्याची गेलं वर्षभर वाट बघत होती. अख्खा ट्रक तोलणारा काटा!

तिच्या चिठ्ठीत मेंढी निघाली.

पहिल्याच फेरीत काका गेले. ते तोंड पाडून टेबलाखाली जाऊन बसले.

"माझ्या खांद्याला यंत्राच्या तेलाचा वास येतोय," ते खालून म्हणाले.

"खाल्लेल्या मेंढीनं बोलायचं नाही," आजोबांनी दटावलं. "भांडण नको. ज्यानं काकाला खाल्लं त्याचं वजन वाढलेलं असणार. चढा काट्यावर!"

आई चढली. होती तेवढीच. आत्याही तेवढीच. रत्ती चढली आणि काटा थरथरत पुढे सरकला. बावीस किलो आणि वर पाव किलो.

"अगं बाई!" आत्या ओरडली. "सापडला लांडगा!"

"मी काकाला खाल्लं असतं तर शहाण्णव किलो भरले असते!" रत्ती म्हणाली.

"एका बैठकीत कोण संपवतो? पाव किलो खाल्लास, बाकीचा ठेवलास," आत्या म्हणाली.

"जेवतानाही हिचं असंच," आई म्हणाली. "अर्धं ताटात."

आजोबांनी काकांना टेबलाखालून काढून काट्यावर उभं केलं. काका बरोबर पाव किलोनं कमी भरले! आत्यानं त्यांच्याभोवती फिरून कुठे काही कमी आहे का ते पाहिलं.

"कान दोन्ही आहेत," ती म्हणाली. "आतून खाल्लं असेल."

"मला वाटलंच, पोटात रिकामं रिकामं लागतंय," काका घाबरून म्हणाले.

खरं बोलूनही कुणाला पटत नाही म्हणजे काय करायचं? तिनं मान खाली घातली, आणि तिला स्वतःचे पाय दिसले. पायांत काकांच्या चपला होत्या. टेबलाखाली जाताना काकांनी त्या काढल्या होत्या, आणि फरशी गार म्हणून तिनं घातल्या होत्या.

तिनं चपला काढून काट्यावर ठेवल्या. पाव किलो.

सगळे वाकून आकडा बघू लागले.

"म्हणजे," आत्या विचार करत म्हणाली, "लांडग्यानं चपलांपासून सुरुवात केली."

"आत्या, मी त्या घातल्या होत्या! खाल्ल्या नाहीत!"

"काटा खोटं बोलत नाही," आजोबा घाईघाईनं म्हणाले. "वजन कुणाचं वाढलं? रत्तीचं. चला, बोटं दाखवा."

आत्याचं बोट वर झालं. आईचंही अर्धवट उठलं.

"थांबा," रत्ती म्हणाली. "सगळ्यांचं वजन झालं. आजोबांचं कुठे लिहिलंय?"

भिंतीवर आजोबांचा आकडाच नव्हता.

"काटा तपासणारा कधी काट्यावर चढत नाही," आजोबा ताठ बसत म्हणाले. "माझ्या बापानं घालून दिलेला नियम आहे. या घरात तो कुणी मोडलेला नाही."

खरंच, कुणीच मोडला नव्हता. आईचं बोट पुन्हा उठू लागलं.

रत्तीनं आजोबांच्या मांडीवरचं, यंत्राच्या तेलाचा वास येणारं फडकं उचललं. काट्याचा पत्रा कडेपासून मध्यापर्यंत पुसला, अगदी आजोबा पुसतात तसा. खाली वाकून एक डोळा मिटला आणि स्क्रू किंचित फिरवून काटा शून्यावर आणला. मग खडू कानावर अडकवला, कमरेवर हात ठेवले आणि आजोबांच्याच आवाजात म्हणाली,

"आता तपासणारी मी. हं, आजोबा, चपला काढून या."