हिरव्या कापडाखाली

माझा नवरा सेव्हेरिन रिबे गावात औषधांचं दुकान चालवतो. फोटो काढायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि दुकानातली रसायनं वरच्या दिवाणखान्यात आली. त्यांचे काळे डाग आधी पडद्यांवर पडले, मग माझ्या झग्यांवर. आमची बोदिल दोन वर्षांची झाली तेव्हा तिचा फोटो काढायचं ठरलं.

रसायन लावलेली काच ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा, आणि तेवढा वेळ मूल काही एका जागी बसत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे करतात तेच आम्ही केलं. मी खुर्चीत बसले, मी फोटोत दिसू नये म्हणून सेव्हेरिनने टेबलावरचं हिरवं कापड मला डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं आणि माझ्या मांडीवर बोदिलला बसवलं. कापडाआडून मी तिची कंबर घट्ट धरली.

नणंद मेटे दारातूनच म्हणाली, "डोर्थेआ, लग्न झाल्यापासून तुला गप्प बसलेली आज पहिल्यांदा बघतेय."

मी आत हसले, तर सेव्हेरिन खेकसला. मग कॅमेऱ्याचं झाकण काढून तो मोठ्याने आकडे मोजू लागला. बोदिलला वाटलं, खेळच आहे. तीही मधले आकडे गाळत मोजू लागली आणि एक पाय हलवत राहिली. फोटोत तेवढा पाय धुरकट आला.

त्या हिवाळ्यात घशाच्या आजाराने ती गेली. दुकानातलं एकही औषध लागू पडलं नाही. मला रडू आलं नाही. लोक भेटायला येत, मी कॉफी ओतून देई. ते काय बोलत ते ऐकू येई, पण आत काही पोचत नसे.

वसंतात सेव्हेरिनने तिचा फोटो चौकटीत बसवून आणला. वर अंड्याच्या आकाराचं भोक पाडलेला पुठ्ठा होता. भोकातून बोदिल दिसत होती. तिच्या कमरेशी माझ्या बोटांनी कापडाला पडलेल्या चुण्या मात्र पुठ्ठ्याखाली गेल्या होत्या. मी तिच्याजवळ होते याची तेवढीच खूण होती, आणि मला ती हवी होती.

"पुठ्ठा काढ," मी म्हटलं.

"अगं, खाली नुसतं कापड आहे. फोटोची शोभा जाते."

"ते कापड म्हणजे मी आहे."

त्याने चौकट तशीच पियानोवर ठेवली. हवा तर तुझा वेगळा फोटो काढतो, म्हणाला. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. मी त्याच खुर्चीत बसले, टेबलावरचं हिरवं कापड ओढलं आणि डोक्यावरून घेतलं. आत दोन्ही हात पूर्वीसारखेच धरले, मधे तिच्या कमरेएवढी जागा सोडून.

"डोर्थेआ, कापड काढ."

मी काढलं नाही. काच वाळत चालली होती. मग कॅमेऱ्याचं झाकण निघाल्याचं ऐकू आलं आणि तो मोजू लागला. त्याचेही मधले काही आकडे गळले.

फोटो स्वच्छ आला. या खेपेस कुणीच हललं नव्हतं.