दोन की चार

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याच्या काचेवरचा आकडा अजून ठरत नव्हता — नव्वदीच्या खाली, मग वर, मग पुन्हा खाली — आणि डॅडींचं बोट, नखाच्या कडेला निळसर झालेलं, त्या चिमट्यात निमूट पडून होतं. कोळशाच्या खाणीत उभा जन्म काढलेल्या बोटाला हे निमूटपण शोभत नाही, असं ट्रेसाला वाटलं.

"पास की नापास?" तिच्या डॅडींनी, हर्शलने, विचारलं.

"काठावर."

"शाळेतही तसाच होतो मी."

ती हसली, घेवड्याच्या पातेल्याखालचा गॅस बारीक करायला उठली, आणि उठता उठता पुन्हा तेच... डोंगरापलीकडच्या कॉलेजातली दोन वर्षांची नर्सिंगची असोसिएट पदवी, की दूर लेक्सिंग्टन शहरात राहून चार वर्षांची बॅचलर? शेवटची परीक्षा एकच, परवानाही एकच. पण शहरातली मोठी इस्पितळं चार वर्षांवालीलाच दारात उभं करतात, आणि दोनवालीला उरतो तो इथलाच वृद्धाश्रम, जिथे ती आजवर मदतनीस म्हणून म्हाताऱ्यांच्या कुशी बदलत आली. आधी दोन कर, उरलेली दोन नोकरी करता करता होतील, असं तिथली नर्स ग्लेना सांगते. ग्लेनाचा मुलगा लग्नाला आला, तिची उरलेली दोन अजून व्हायचीच आहेत.

पण हे सगळं वरवरचं. खरा हिशेब तिने कुणापुढे मांडला नव्हता. दोन म्हणजे रोज संध्याकाळी घरी — डॅडींचं जेवण, डॅडींची ऑक्सिजनची नळी, डॅडींची उशी. चार म्हणजे... त्यांना एकटं ठेवता येणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल; मग चार निवडायची तर आधी काय व्हायला हवं? वृद्धाश्रमात नव्या माणसाची नखं बघून त्याचे किती दिवस उरलेत याचा ती मनाशी अंदाज बांधायची, आणि तो बहुधा चुकत नसे. तीच नजर आता या स्वयंपाकघरात... मी असं बघते त्यांच्याकडे? — बघते. ते दाढी करत असताना, खुर्चीत डोळा लागल्यावर छाती हलतेय का ते पाहताना. आणि हलत असली की जे वाटतं, ते नुसतं हायसं वाटणं नसतं.

"चारचंच घे," हर्शल मागून म्हणाला. "मी काही... अडवायला... राहत नाही."

"गप्प बसा, डॅडी. मक्याचा पाव करपेल माझा."

"हल्ली तू... डॉक्टरसारखी बघतेस, पोरी. तो निदान... हवापाण्याचं तरी बोलतो."

ती वळली नाही; पाव बाहेर काढून कापू लागली. त्यांना कळलं होतं, आणि कळूनही ते रागावले नव्हते. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं, रडता आलं असतं, हट्टाने दोन वर्षांवालं कॉलेज धरून बसता आलं असतं. आता दोन घेतली तर ती त्यांच्यावर केलेली मेहेरबानी ठरणार, रोज संध्याकाळी ताटात वाढायची. आणि चार घेतली तर लेक्सिंग्टनला ती त्यांच्याच आशीर्वादाने फोनची वाट बघत बसणार. सुरी पावात तशीच राहिली. आपल्याला नर्स व्हायचंच नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं — अगदी मनापासून वाटलं, आणि तेही खरं नव्हतं.