चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये

मी मिनीडिस्क बोलतेय. नाव ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नुसतीच मान डोलावली असेल. चालायचंच. भारतात काय किंवा इंग्लंडात काय, आमचं बस्तान कधी धड बसलंच नाही. बिस्किटाएवढं चौकोनी प्लास्टिकचं घर, आत फिरणारी चकती आणि चकतीवर गाणी, एवढाच माझा संसार. जपानात मात्र २००२ साली आम्ही घरोघरी होतो.

माझा जन्म नागोयाचा. कारखान्यातला जन्म मी धरत नाही. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच आणि रिकाम्या. मिसाकोने मला भरलं, तोच माझा जन्म.

मिसाको गाण्यांच्या दुकानात कामाला होती. तिथल्या दुकानांत एक पद्धत आहे. काम करणारी माणसं आपल्या आवडीच्या गाण्यांसाठी छोट्या कार्डावर हाताने शिफारस लिहितात आणि ते कार्ड फळीला चिकटवतात. मिसाकोकडे तिशीतल्या श्रोत्यांची फळी होती. ती स्वतः चौतिशीची. ‘हे गाणं विशीत आवडलं असेल, आता कळेल,’ असं काहीतरी ती लिहायची आणि लोक खरंच थांबून वाचायचे. पुण्याचा श्रीकांतही असाच थांबला होता. तो तिथे इंजिनिअर होता आणि त्याला जपानी जेमतेम यायचं, म्हणून प्रत्येक कार्ड तो तिलाच वाचून दाखवायला सांगायचा. दोन वर्षं सांगत होता म्हणजे बघा.

श्रीकांतची थोरली बहीण अनुराधा लेस्टरला डॉक्टर होती. तिच्या तेहतिसाव्या वाढदिवसासाठी दोघांनी मिळून माझ्यावर दहा गाणी भरली. एकात एक बाई कामावरून घरी येऊन कोट न काढताच बसून राहते. एकात जुन्या मित्राचा नंबर पाठ आहे, पण फोन करायला निमित्त सापडत नाही. नाचायची गाणीही होती, दम लागल्यावर मध्येच बसता येईल अशा चालीची.

आणि चौथ्या व पाचव्या गाण्याच्या मध्ये त्यांनी स्वतःचा आवाज भरला. शेवटी का नाही? श्रीकांत म्हणाला, “ताई कधीच काही शेवटपर्यंत ऐकत नाही.”

आधी मिसाको बोलली. कागदावर लिहून, चार वेळा पुसून, पुन्हा बोलून. “ताई, नमस्कार. मी मिसाको. माझं मराठी कच्चं आहे. पोहे बरे जमतात. तुम्ही हो म्हणालात, तर मी पुण्याला येईन. आईंना भेटेन.”

मग श्रीकांत. “ताई, मला हिच्याशी लग्न करायचंय. आईशी बोलायचा मला धीर होत नाही. तुझं ती ऐकेल. पण तुलाच पटत नसेल, तर फोनवर हा विषय काढूच नकोस. मी काय ते समजेन.”

हे पोटात घेऊन मी विमानात बसले. किती ऐटीत होते म्हणून सांगू!

लेस्टरला अनुराधाने पाकीट फोडलं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. “पद्माकर, हे कशात घालायचं रे?” गाडीत सीडी प्लेयर, घरात सीडी प्लेयर. पद्माकरने मला संगणकात फ्लॉपीच्या जागी सारलं. मी आतच अडकले. शेवटी अनुराधाने हॉस्पिटलच्या चिमट्याने मला बाहेर काढलं आणि दोघं पोट धरधरून हसली. मलाही तेव्हा हसूच आलं.

“टाउनमध्ये प्लेयर मिळेल, वीकेंडला बघू,” ती म्हणाली. तो वीकेंड नाइट ड्यूटीत गेला, पुढचा परीक्षेच्या अभ्यासात. मी किचनच्या ड्रॉवरमध्ये टेकअवेच्या मेन्यूखाली जाऊन पडले. वेळ काढणं अशक्य होतं असं मी म्हणणार नाही. बेलग्रेव्ह रोडच्या देशी दुकानांत जाऊन ती ताजी मेथी आणायचीच ना?

तीन रविवारांनी श्रीकांतचा फोन आला. ती पोळ्या करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

“ताई, ऐकलीस का गं?”

“हो रे! ऐकली. मस्त आहेत एकदम.”

“सगळी?”

“सगळी. इतकं रिलॅक्सिंग वाटलं ना.”

“मग बाकी काही बोलायचं नाही तुला?”

“बाकी काय? आई बरी आहे, बीपी कंट्रोलमध्ये आहे. चल, मी ऑन-कॉल आहे, ठेवते.”

“ठीक आहे, ताई. समजलं.”

मी ड्रॉवरमध्ये जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण आम्हाला आवाज असतो तो यंत्रात गेल्यावरच.

ती वाईट नव्हती हो. भावाने एवढ्या प्रेमाने पाठवलेली भेट अजून उघडलीही नाही, हे सांगायची तिला लाज वाटली. पाठवलेला लाडू फुटला, तरी आपण ‘छान झाला होता’ असंच कळवतो. तितक्याच सहज ती बोलून गेली.

पुढच्याच वर्षी श्रीकांत नोकरी सोडून पुण्याला परतला. त्याच्यासाठी वरदाचं स्थळ अनुराधानेच सुचवलं. “तू म्हणशील तसं,” तो फोनवर म्हणाला. “किती गुणी आहे ना माझा भाऊ!” असं तिने पद्माकरला कौतुकाने सांगितलं. वरदा चांगली मुलगी आहे. आता त्यांना एक मुलगीही आहे.

अनुराधा कन्सल्टंट झाली आणि आम्ही कॉव्हेंट्रीला राहायला आलो. २००९ च्या मार्चमध्ये दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये तिला जुना मिनीडिस्क रेकॉर्डर दिसला. दुपारी एकटी असताना तिने मला त्यात घातलं आणि हेडफोन लावून कांदा चिरायला घेतला. सात वर्षांनी मी फिरू लागले. पहिली चार गाणी ती मान डोलवत ऐकत होती. मग मिसाको म्हणाली, “ताई, नमस्कार.”

सुरी थांबली. तिने तो तुकडा तीनदा ऐकला आणि तशीच खाली फरशीवर बसली.

पुण्याला फोन वरदाने उचलला. “ताई, बोला ना! हे इथेच आहेत.” श्रीकांत आल्यावर अनुराधा एका दमात म्हणाली, “श्री, ती डिस्क मी तेव्हा ऐकलीच नव्हती रे. आज ऐकली. मी खोटं बोलले होते.”

दाराचा आवाज आला. तो बहुतेक गॅलरीत गेला. तिथून त्याने हळूच विचारलं, “तिचं मराठी चांगलं होतं ना गं?”

“हो रे, चांगलं होतं,” अनुराधा म्हणाली.

“महिनाभर घोकत होती,” तो म्हणाला. “ताई, तेवढं पुसून टाक. वरदाला उगाच त्रास नको. गाणी राहू देत.”

तिने पुसलं. आमच्यात मधला तुकडा काढला, की मागचं पुढचं आपोआप जुळतं. आता चौथं गाणं संपलं, की लगेच पाचवं सुरू होतं. मध्ये श्वासाचंही अंतर नाही.

कधीकधी संध्याकाळी ती मला लावते. तुमच्याही ड्रॉवरमध्ये कुणीतरी पाठवलेलं असं काही पडलं असेल. ऐकलं नसेल तर नाही ऐकलं म्हणून सांगा. माणसं रुसतील, पण पुन्हा विचारतील तरी.

एक गोष्ट मात्र अनुराधाला ठाऊक नाही. पुसल्यावर चकतीवरच्या गाण्यांच्या यादीतली फक्त नोंद जाते. त्या जागी दुसरं काही भरेपर्यंत आवाज तिथेच असतो. मिसाको अजून माझ्यात आहे. तिच्यापर्यंत आता कुठलंच यंत्र पोचत नाही, एवढंच.