शंभरपैकी चौऱ्याण्णव

बावीस वर्षं लातुरात फिजिक्सच्या शिकवण्या घेतल्यावर मी गृहमाता झाले, तीही परीक्षेच्या धसक्यानं मन आजारी पडलेल्या मुलींच्या निवासी केंद्रात. ज्यांना आजारी पाडायला माझा हातभार लागला, त्यांनाच बरं करायला मला नेमलं, हा संस्थेचा मोठेपणा.

पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर तक्ता लावला. झोप तीस, जेवण तीस, बोलणं तीस, हसणं दहा. दर शुक्रवारी निकाल. मुलींना तपासायला तनुजा डॉक्टर दर पंधरा दिवसांनी यायच्या. त्या म्हणाल्या, "हे काढा." मी हो म्हटलं आणि तक्ता जेवणघराच्या दाराआड हलवला. निकाल लावल्याशिवाय मला करमणार कसं?

लोहा गावची लुंबिनी आली तेव्हा एकतीसवर होती. मेडिकलची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा हुकल्यावर तिनं खाणं-बोलणं सोडलं होतं. तीन आठवड्यांत पोरगी चौऱ्याण्णववर गेली. मी हुरळले. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, लुंबिनी बरी झाली, रविवारी घरी पाठवू. तिच्या वडिलांनाही बोलावलं. शनिवारी पेढे आणले.

ती नळाशी ताट धूत होती. मी पेढा पुढे केला.

"मॅडम, घरी बी असा तक्ता लागंल का?"

"घरी कशाला?"

"मग तिथं हसायचं कशासाठी?" ताट तसंच तिच्या हातात. "मी मार्कांसाठीच करून राहिले समदं. झोप लागत न्हाई. तुमी बघायला आल्या की डोळे मिटते."

पेढा माझ्याच हातात राहिला. या पोरीला मी उद्या अशा हालतीत घरी धाडणार होते, वर टाळ्या वाजवून. मला स्वतःची भीती वाटली.

"मॅडम, आज नापास झालं तर चालंल का?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं.

"चालंल," मी म्हणाले.

ती तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. मी डॉक्टरांना फोन लावला, सगळं खरं सांगितलं, रविवार रद्द केला आणि तिच्याजवळ ओल्यातच बसले. रडण्याला किती मार्क ठेवायचे, हा विचार तेवढ्यातही डोक्यात येऊन गेला. सवय.

आवाज ऐकून बाकीच्या मुली दारात जमल्या. सत्त्याऐंशीवाली शिवकन्या पुढे आली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मी बी नापास होऊ का?"

मी सरकून तिला जागा केली.