निरोपाआधीची कविता

माघात आंब्याच्या मोहोराचा गंध हवेत भरला की मला गुरुजींचा आवाज आठवतो: किंचित घोगरा, शब्दाच्या अखेरीस कोकणी हेल घेऊन वर जाणारा आणि प्रत्येक ओळीआधी क्षणभर थबकणारा. आरे-वारेच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची बौद्धवाडी, आणि वाडीच्या टोकाचं चिऱ्याचं घर गुरुजींचं. त्यांच्या पडवीत दोन खुर्च्या अजून समोरासमोर असतात. एकीवर ते बसतात, दुसरीवर तिन्हीसांजेपर्यंत नुसतं ऊन असतं.

शाळेत त्यांनी आम्हांला गौरवकविता शिकवली, इंग्रजीत जिला ओड म्हणतात ती. ज्याची स्तुती करायची त्याला समोर मानून, थेट हाक मारून बोलायचं, असं ते सांगत. कृतज्ञता, विरह, क्वचित रागसुद्धा त्या एका हाकेत मावतो म्हणत. मी तेव्हा चिऱ्याच्या खाणीवर लिहिलं होतं. वाचून ते हसले. "अरे, तू खाणीची माहिती दिलीस. तिच्याशी बोललास कुठं?" ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तो शेरा अजून बोचतो.

वाडीला मात्र त्यांची कविता लागे ती निरोपाला. कुणी निवृत्त झालं, कुणी मुंबईला कायमचं निघालं, कुणी वारल्यावर त्याच्या जलदानाचा विधी असला की गुरुजी चार कडवी लिहून आणत आणि माइकपुढे उभे राहत. धडधाकट, रोज दिसणाऱ्या माणसाची स्तुती करायची आमच्याकडे रीतच नाही. तोंडावर कौतुक केलं तर तो अवघडतो आणि बाकीचे म्हणतात, याचं काहीतरी काम असणार. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकी, बायकांत मागे बसून साऱ्या कविता ऐकत.

एकदा माझ्यादेखत भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "माज्यावर कवा लिवनार तुमी?"

"तुजा निरोपसमारंभ कुठं हाय गो!" गुरुजी म्हणाले.

"मेल्यावर लिवाल, तर मी आयकनार कशी?"

आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

काकी दोन वर्षांमागे भातकापणीच्या दिवसांत गेल्या. जलदानाला वंदना झाली, चार माणसं बोलली आणि गुरुजी कागद घेऊन उठले. पहिली ओळ वाचली. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "अगो…" माइकमधून त्यांचा श्वास तेवढा साऱ्या मांडवाला ऐकू येत होता. शेवटी कुणीतरी हात धरून त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर त्यांनी कुणासाठी एक ओळ लिहिलेली नाही. माणसं मानपत्र मागायला येतात. गुरुजी पाणी देतात, ख्यालीखुशाली विचारतात आणि नाही म्हणतात. मुलगा मुंबईत, शेजारी आपापल्या व्यापात. घरात इतकी शांतता, की शेजारच्या विहिरीवरचा रहाट वाजला तरी कुणी आल्यासारखं वाटून ते मान वर करतात.

परवा मी त्यांच्यावर लिहायला बसलो. त्यांचा आवाज, त्यांची खुर्ची, दुपारचं ऊन, सगळं नीट उतरत होतं. अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं, की मीही माहितीच देतोय आणि नकळत त्यांच्या निरोपाची वाट बघतोय. मी ते पान बाजूला ठेवलं. नव्या पानावर लिहिलं, 'गुरुजी, तुम्ही मला बोलायला शिकवलंत,' आणि रविवारी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकींच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, म्हणून पायरीवर बसून वाचलं.

ते मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले. मग म्हणाले, "परत वाच. जरा मोठ्यानं. आत चुलीपर्यंत जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचलं. आत चूल थंड होती. माणूस असतो तोवर हाक उद्यावर टाकता येते. तो गेला, की उरलेला सगळा काळ त्या एका हाकेतच जातो.